गटाराला गाळणं

सांगलीत मला उभं राहायला जागा दिली ती आक्कांनी. हे पहिलं सांगून टाकतो. कारण पुढं मी त्यांच्याविषयी जे काही लिहिणार आहे ते वाचून कुणालाही वाटेल, की हा म्हसवडकडचा माणूस खाल्ल्या घरचे वासे मोजायला बसलाय. तसं काही नाही. एक तर आक्कांच्या शेडाला वासे नाहीत, लोखंडी अँगल आहेत. आणि दुसरं म्हणजे मोजायचंच झालं तर आक्कांनी ते माझ्याआधी मोजून ठेवलेले असणार.

आक्का म्हणजे आमच्या गॅरेज लायनीच्या मालकीणबाई. एका ओळीत पत्र्याची शेडं, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडं, आणि शेडं नि रस्ता यांच्या मधून पावसाच्या पाण्याचं उघडं गटार. चढाच्या टोकाला आक्कांचं घर आणि उताराच्या टोकाला मी. माझं शेड संपलं की गटार वळतं, नाल्याला मिळतं, आणि नाला जातो कृष्णेला. म्हणजे लायनीत कुणीही काहीही सांडलं की ते माझ्या दारावरून नदीला जाणार, असा एकूण भूगोल. मी शाळेत भूगोलापर्यंत नीट पोचलोच नाही, पण हा तेवढा पाठ झाला.

मी आक्कांकडं आलो तेव्हा माझं आधीचं गॅरेज बंद पडलं होतं. मालकानं जागा विकली आणि मी पान्यांची पेटी घेऊन रस्त्यावर आलो. कुणीतरी सांगितलं, लायनीतलं शेवटचं शेड रिकामं आहे, पण म्हातारी तिरपागडी आहे, जपून. मी गेलो तर आक्का दारात बसून तांब्याला फडकं बांधून पाणी गाळत होत्या. वर न बघताच विचारलं,

"शाळा किती?"

"आठवीतनं सोडली."

"का? डोकं चालंना व्हय?"

"डोकं चालत हुतं आक्का, मेंढरंच जास्त चालायची. पाणी बघत गाव सोडून जायाचो आमी. शाळा काय मागनं येत न्हाई."

त्यावर त्यांनी वर बघितलं.

"कांदा खातोस?"

"खातो."

"खा. माझ्या दारात चिरू नकोस."

झाली मुलाखत. डिपॉझिट वगैरे काही नको म्हणाल्या, पण एक अट घातली. "गटाराचं तोंड तुझ्याकडं. वरनं जे येतंय ते खाली जाऊ द्यायचं न्हाई."

मी घाबरत विचारलं, "पाणी अडवायचं?"

"पाणी कशाला अडीवतोस रं? पाणी जाऊ दे. ऑइल म्हणती मी, ऑइल!"

मला काही कळलं नाही. पण आमच्याकडं माणसाला जागा मिळत असली की तो कळल्यासारखी मान हलवतो. मीही हलवली.

आता यातली गंमत अशी, की आक्कांनी उभं आयुष्य ऑइलच विकलं होतं. त्यांच्या मालकांचं सुट्या इंजिन ऑइलचं दुकान होतं. मालक गेल्यावर पुढं कितीतरी वर्षं बाईनं एकटीनं ते चालवलं. बॅरलला तोटी लावून मापानं ऑइल द्यायच्या. ती बाई आता म्हातारपणी रोज सकाळी देवदर्शन आटोपून, काठीच्या टोकाला पांढरं फडकं बांधून लायनीतून निघायची. प्रत्येक शेडापुढं गटारात काठी बुडवायची, फडकं नाकाशी धरायचं आणि निकाल द्यायचा. "हे डिझेलचं. ट्रॅक्टरवाल्या, तुझं हे." पुढच्या दारात, "हे बुलेटचं, जळकं." माझ्या दारात बहुतेक वेळा, "तुझं नुसतं पेट्रोल मारतंय. गिऱ्हाईक हाय का न्हाई तुला?"

लायनीत बुलेट दुरुस्त करणारे एक रिटायर फौजी होते. सगळे त्यांना फौजीच म्हणायचे. आक्कांशी भिडायची छाती फक्त त्यांच्यात. एकदा ते म्हणाले,

"आक्का, आदी तुमीच विकलं, आन् आता तुमीच हुडकत फिरताय व्हय?"

"विकलं म्हणून तर वळकती. तू फौजेत गोळ्या घातल्यास, आता घालतोस का?"

"मी कँटीनला हुतो, आक्का."

"मग गप बस की."

हे वेड आक्कांना लागलं कशानं, त्याची कथा लायनीत सगळ्यांना पाठ होती आणि प्रत्येक जण ती आक्कांची नक्कल करत सांगायचा. एका वळवाच्या पावसानंतर आक्कांच्या उंबऱ्यापाशी एक बेडूक येऊन बसला. बेडूक कसला, काळ्या ऑइलचा गोळाच. त्याला उडी मारता येईना. आक्कांनी त्याला ताटलीत घेतला, वरून बेसन भुरभुरलं आणि कोमट पाण्यानं आंघोळ घातली. परत बेसन, परत आंघोळ. फौजी म्हणतात, भजी होणार की काय या भीतीनं तो बेडूक बरा झाला. दोन दिवस बादलीत राहून तो आपणहून निघून गेला. पण आक्कांचं काहीतरी फिरलं. आपण इतकी वर्षं बॅरलच्या बॅरल विकलं, ते शेवटी गेलं कुठं, हा हिशोब त्यांच्या डोक्यात शिरला तो निघेना.

आता आक्का जैन. पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत, हे सगळ्यांनाच माहीत असतं. मला त्यांच्याकडून कळलं ते असं, की गाळणं एवढ्यावर संपत नाही. फडक्यात जे सूक्ष्म जीव अडकतात, ते फडकं उलटं करून, गाळलेल्याच पाण्यानं अलगद धुवून, ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायचे. दुसऱ्या विहिरीत सोडले तर ते मरतील. "जिथलं तिथं," आक्का म्हणायच्या. हे ऐकायला किती छान वाटतं. फक्त ते त्यांनी गटाराला लावलं, तिथं आमची वाट लागली.

त्यांनी काय केलं, प्रत्येक शेडाचं पाणी जिथून गटारात उतरतं तिथं एक गाळणीची उशी बसवली. आणि माझ्या शेडाच्या बाजूला, गटार वळण्याआधी, गवंडी बोलावून एक हौद बांधून घेतला. हौदाच्या मधोमध आडवी भिंत, पण ती तळाला टेकलेली नाही, खाली हातभर फट. "आमटी गार झाली की कट वर येतोय का न्हाई? तसंच," हे त्यांनी गवंड्याला सांगितलं. ऑइल वर तरंगत भिंतीच्या अलीकडं अडकतं, पाणी खालच्या फटीतून पलीकडं जातं. पलीकडं बाहेर पडायच्या तोंडाला पुन्हा एक मोठी उशी, उरलंसुरलं टिपायला. वर साचलेला कट रोज पळीनं काढायचं काम माझं. गावाकडं फोनवर मी सांगायचो, गॅरेज बरं चाललंय. पळीचं बोललो नाही.

उशांमध्ये जे सापडेल ते आक्का डब्यात पिळायच्या आणि डबा घेऊन निघायच्या. ट्रॅक्टरवाल्याच्या टेबलावर डबा ठेवला. "घे. तुझं हाय."

"मी काय करू ह्याचं, आक्का?"

"जपून ठेव. भंगारवाल्याला दे. गटारातलं गटारात सोडायला ते काय गटाराचं हाय? तुझ्या शेडातलं, तुझ्या शेडात."

पहिल्या आठवड्यात सगळे हसले. दुसऱ्या आठवड्यात सीटकव्हरवाल्याच्या टेबलावर डबा कलंडला आणि कुणाच्या तरी नव्या कोऱ्या सीटवर सांडला. त्यानंतर लायनीत एकाएकी प्रत्येकाकडं ऑइल सोडताना खाली धरायचे ट्रे दिसायला लागले. फौजींनी ट्रेला साखळी लावली, कुणी पळवू नये म्हणून.

उशीत भरायचं काय, यावर मात्र आक्कांनी लय प्रयोग केले. आधी जुन्या सुती साड्या घातल्या. त्या पाणीच जास्त प्यायच्या. मग इस्लामपूरकडच्या कुणा पाहुण्याकडून कारखान्यातला उसाचा भुसा पोत्यानं आणला. तोही पाण्यानं फुगला आणि उन्हात असा आंबला, की लायनीत ताडीचं दुकान निघाल्यागत वास सुटला.

फौजी नाक धरून म्हणाले, "आक्का, गटाराला चढलीया."

"तुझ्यापेक्षा बरं हाय. ते रस्त्यात आडवं पडत न्हाई," आक्का म्हणाल्या.

मग एक दिवस त्या माझ्या शेडात आल्या. मी गाडीखाली आईनं दिलेल्या जुन्या घोंगड्याचा तुकडा टाकून त्यावर पाठ टेकून काम करत होतो. आक्कांनी मला तसाच पायाला धरून बाहेर ओढला, घोंगडं काढून घेतलं, त्यावर पाणी ओतलं, ऑइल ओतलं, आणि बघत बसल्या. पाणी खाली ओघळून गेलं. ऑइल राहिलं.

"कशाचं रं हे?"

"लोकर हाय. आमच्या मेंढरांची. आता कुणी घेत न्हाई, चुलता बांधाला टाकून देतोय."

"मेंढरू मारून काढत्यात?"

"न्हाई वं आक्का. केस कापल्यागत कापायची."

"न्हाव्याकडं बी रगात निघतंय कवाकवा. बघाय पायजे."

आणि त्या खरंच आल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, सोबत स्वतःचा तांब्या, स्वतःचं गाळायचं फडकं, एसटी बदलत बदलत म्हसवडच्या पुढं आमच्या वस्तीपर्यंत. कातरणी चालू होती. आक्का दगडावर बसल्या आणि कातरून झालेलं प्रत्येक मेंढरू समोरून चालवून दाखवायला लावलं. लंगडतंय का, कुठं खरचटलंय का. एकाच्या पोटाला कात्री लागली होती तर आपल्या पिशवीतून हळद काढून लावली.

माझा चुलता कंटाळून म्हणाला, "आवं आक्का, मेंढरू हाय ते, सून न्हवं. एवढी चालवून काय बघताय?"

"सून बघताना एवढं बघितलं असतं तर आज सुखात असते," आक्का म्हणाल्या. चुलत्यानं कात्री खाली ठेवली आणि पोट धरून हसला.

पण लोकर कशाला हवी ते आक्कांकडून कळल्यावर त्यानं माझ्याकडं मोर्चा वळवला. सगळ्या वस्तीसमोर म्हणाला, "शाळा सोडून गटारं उपसाय गेलास व्हय रं सांगलीला?"

मला तिथंच जमिनीत शिरावंसं वाटलं. मी जे वर्षभर फोनवर लपवलं ते आता शेळ्यामेंढ्यांनाही कळलं. तर आक्का शांतपणे म्हणाल्या, "उपसत न्हाई. पाणी गाळतंय ते पोरगं. आमच्यात हे काम घरातल्या माणसाकडंच असतंय, गड्याकडं देत न्हाईत." मग लगेच, "आता पोती भर. बोलत बसू नकोस."

एवढंच. पण चुलत्यानं नंतर पोती स्वतः उचलून एसटीच्या टपावर चढवली.

लोकरीच्या उशा झकास चालल्या. मला वाटायला लागलं, आता बसलो आपण. माझा स्वभाव आधीपासून भित्रा. जागा गेली तर, हा एक किडा डोक्यात कायमचा. महिना बदलला की मी आक्कांना विचारायचो, "आक्का, काढणार न्हाई न्हवं मला?" त्या म्हणायच्या, "आज न्हाई." कधी हसून नाही, कधी रागावून नाही. आज भाजी आणायची आहे का विचारल्यावर सांगावं, तसं.

मग मे महिन्यात ते झालं.

वळीव येणार असं आभाळ सांगत होतं. वळवाची आक्कांना जास्त धास्ती. "चार महिनं रस्ता जे पितोय ते पहिल्या सरीला वकतोय. रस्ता बी बेवड्यासारखाच." म्हणून त्या हौदाच्या तोंडाची मोठी उशी तपासायला आल्या. तिचं वरचं कापड त्यांनी उन्हाकडं धरलं. आरपार सूर्य दिसला. तेवढ्यानं त्यांचा चेहरा बदलला.

आता पिण्याच्या पाण्याचा त्यांच्यातला नियम असा, की गाळायचं कापड जाड हवं, दुहेरी घडीचं हवं, आणि उन्हाकडं धरलं तर त्यातून सूर्य दिसता कामा नये. सूर्य दिसला तर ते गाळणं नाहीच. झालं. आक्कांनी घरून मांजरपाटाचं कोरं कापड आणलं, दुहेरी घडी घातली, उशीला चढवलं, आणि उरलेलं कापड आडव्या भिंतीच्या खालच्या फटीलाही ताणून बांधायला लावलं.

मी म्हणालो, "आक्का, पाणी जाईल का ह्यातनं?"

"घागरीत जातंय की."

"घागरीला घाई नसती, आक्का."

"मग पावसाला सांग, दमानं ये म्हणून."

पाऊस दमानं आला नाही. गारांसकट आला, आणि आमच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या माणसाला वाटावं की आमच्या वाटणीचं सगळं चुकून इथंच पडतंय, असा आला. गटार भरलं. हौद भरला. मांजरपाटाच्या त्या दुहेरी घडीतून पाणी जाईना. मग पाणी मागं फिरलं आणि शेडाशेडात शिरलं. साधं पाणी नव्हे, वर जाड काळा थर. टायर तरंगायला लागले, सीटा तरंगायला लागल्या. फौजींनी एका बुलेटचं इंजिन नुकतंच खोललं होतं. ते स्टुलावर चढून, इंजिनाचा अर्धा भाग लहान लेकरासारखा छातीशी धरून ओरडत होते, "फोडा! ते फडकं फोडा! आक्का, तुमचं गाळणं फोडा!"

आक्का आल्या. पातळाचा काष्टा मारून सरळ त्या काळ्या पाण्यात उतरल्या. मीही उतरलो. कापड ओढलं तर निघेना, पाण्यानं दाबून धरलेलं. फौजी शेवटी इंजिन स्टुलावर ठेवून आले आणि तिघांनी मिळून हिसका दिला. भस्सकन सगळं सुटलं. हौदात साचलेलं, उशांत जमलेलं, त्या दिवशी काढायचं राहिलेलं, सगळ्या लायनीचं, एका दमात माझ्या दारावरून नाल्यात.

शेडं मोकळी झाली. लोक झाडायला, पुसायला लागले, शिव्या सुरू झाल्या. आक्का एका टायरावर बसल्या होत्या. कोपरापर्यंत काळ्या. नाल्याकडं बघत म्हणाल्या, "थेंब थेंब धरलं हुतं. एकदम सोडलं मी." माझ्याशी नव्हतं ते बोलणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लायन त्यांच्या दारात जमली. पुढं फौजी. एक सांगतो, फौजी वाईट माणूस नाही. ते जे बोलले ते बरोबरच होतं, तीच तर अडचण.

"आक्का, गाळा तुमी, आमचं काय न्हाई. खरं हौद ल्हान पडतोय. दुप्पट पायजे. दुप्पट झाला तर कापड लावा न्हाईतर गोधडी लावा, पाणी तुंबणार न्हाई, आन् थेंब बी जाणार न्हाई."

"जागा कुठं हाय?" आक्कांनी विचारलं.

फौजींनी उताराच्या बाजूला बघितलं. बाकीच्यांनीही तिकडंच बघितलं. तिकडं दुसरं काही नाहीच, माझं शेड सोडून. ते पाडलं, जमीन खोदली, की हौद दुप्पट.

ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मेकॅनिक काय, ह्यो न्हाई तर दुसरीकडं बघंल. तरणा हाय."

"न्हाईतर मग आमालाच दुसरीकडं बघाय लागंल, आक्का," सीटकव्हरवाला म्हणाला. "रोज रोज कुठं पोहायचं?"

आक्का म्हणाल्या, "दुपारपातूर थांबा." आणि बस्तीत, म्हणजे त्यांच्या मंदिरात, निघून गेल्या.

मी शेडात आलो आणि पाने भरायला लागलो. कुणी सांगितलं नव्हतं. पण मला ठाऊक होतं, की आक्का गाळल्याशिवाय पाणी सोडणार नाहीत. पिण्याचं असो की गटाराचं, त्यांनी तो नेम धरला होता. आणि तो नेम माझ्या शेडाच्या जमिनीखाली होता. नेम आणि मी, यात कोण जाणार हे सांगायला आठवी पास व्हायला लागत नाही. पेटी भरली. आईचं घोंगडं कधीच उशीत गेलं होतं, त्यामुळं गाठोडं लहान झालं. जायचं कुठं हे काही सुचेना. म्हसवडला परत जाऊन काय सांगायचं, हौदात बुडालो?

दुपारी आक्का आल्या. लायन गोळा झाली. त्या आडव्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या आणि काठीनं भिंतीच्या माथ्यावर खूण केली.

"गवंड्याला बोलवा. हितं वरनं खाच पाडा. पलीकडं भाईर पडायच्या तोंडाला बी अशीच. साधा पाऊस असंल तर खालनं गाळून जाईल. पाणी लय झालं तर वरनं जाऊ दे. तुंबायचं न्हाई."

फौजी गोंधळले. "आवं, मग वरनं जाताना ऑइल बी जाणार की."

"जाईल थोडं."

"आन् तुमचं ते? न गाळता सोडायचं न्हाई ते?"

"त्याचं मी बघून घेती. तुझं शेड कोरडं ऱ्हाईल का न्हाई ते सांग."

"ऱ्हाईल."

"मग जा." मग माझ्या पेटीकडं बघून, "आन् तू कुठं यात्रेला निघालास? पाने काढ भाईर."

मी काढले. घाईत दोन पायावर पडले, त्याचं काही नाही.

त्या 'बघून घेती'चा अर्थ मला जूनमध्ये कळला. एका जोरदार पावसात खाचेवरून पाणी गेलं. रंगीबेरंगी पट्टा वरून घरंगळत जाताना मी बघितला. दुसऱ्या दिवशी आक्कांना पळीतलं दाखवायला गेलो तर चूल थंड. मी विचारलं, कुठली तिथी आज? म्हणाल्या, "तिथी न्हाई. उपास हाय." पुढच्या वेळी खाचेवरून पाणी गेलं, पुन्हा चूल थंड. फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसा. तेव्हा मला कळलं. नेम मोडला की त्या जेवण सोडत होत्या.

मी तिथंच त्यांच्या पायाशी बसलो. म्हणालो, "आक्का, मला काढा. माझं शेड खोदा. हौद मोठा करा. माझ्यापायी तुमी उपाशी न्हाई ऱ्हायचं."

आक्का म्हणाल्या, "तुला खोदून काय निघणार हाय रं? आठवीतनं सुटलेला तू."

"मस्करी नगं, आक्का."

"मग जागा सांग. हितनं कुठं जाणार ते सांग, आत्ता काढती."

त्यांनी थोडा वेळ वाट बघितली. खरंच बघितली.

"न्हाई न्हवं? मग उठ. पळी धू जाऊन."

ही गोष्ट मी कुणाला सांगणार नव्हतो. पण माझ्या पोटात काही राहत नाही. फौजींना सांगितली. फौजी बुलेटला किक मारत बसले, ती सुरू होती तरी. दुसऱ्या दिवशी त्यांनी वखारीतून लाकडाचा भुसा आणला आणि शेडाच्या फरशीवर पसरून, ऑइल टिपून, झाडून घेतला. नंतर ट्रॅक्टरवाल्यानं. आता आमच्या लायनीत आभाळ भरून आलं की जे चालतं ते बघायला या. फौजी रस्त्याच्या मधोमध उभे राहून पलटणीला हुकूम सोडावा तसं ओरडतात, "भरून आलंय रं! म्हातारी उपाशी मरंल! भुसा काढा, ट्रे आत घ्या, फरशी पुसा!" आणि दाढीमिशीवाले बाप्ये गुडघ्यावर बसून फरशा पुसतात, सासू येणार म्हटल्यावर सुना पुसतात तशा. गिऱ्हाईक हातात चावी घेऊन उभं. त्यामुळं खाचेवरून पाणी गेलं तरी पट्टा पहिल्याइतका रंगीत नसतो. पण असतो. आणि आक्का नाक लावून बघतात, आणि चूल थंड राहते. भुशानं सगळं टिपत नाही.

मी पाण्याविना वाढलेला माणूस. पाऊस पडला की आमच्या गावात लोक दारात येऊन हात जोडतात. मला मात्र आता पत्र्यावर थेंब वाजायला लागले की मी ताटावरून उठतो. हौदाच्या कडेला उभा राहतो, खाचेकडं बघत. पाणी वर चढत असतं आणि मी म्हणत असतो, थांब, जेवू दे तिला.

तर आक्का, तुम्हाला वाचून दाखवणारं कुणीतरी हे वाचून दाखवेल. मग तुम्ही म्हणाल, एवढं लिहायला येत होतं तर शाळा का सोडली. ते राहू दे. मी जागा शोधतोय. मिरज रोडला बघितली, जमलं नाही. विट्याकडं एक आहे म्हणतात. कुठं ना कुठं मिळेल, मला घाई आहे आणि भीतीही आहे, पण मिळेल. ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी तुमच्या दारात येऊन सांगेन, आक्का, जाणार कुठं ते ठरलं. मग माझ्या शेडाची फरशी मीच फोडणार. गवंड्याला हात लावू देणार नाही. तुमच्या मनासारखा हौद खोदणार, आणि त्या पावसाळ्यात, आभाळ फाटलं तरी, तुम्हाला पोटभर जेवायला लावणार. बिनकांद्याचंच करीन. नाक लावून बघा हवं तर.